मणक्याला मार लागल्यावर पुन्हा चालणं: बाजेपासून बांबूच्या दांड्यांपर्यंत

कोणी चिंचा झोडपायला झाडावर चढलेला असतो, कोणी पावसाळ्याआधी कवेलू फेरायला छपरावर. कोणाच्या अंगावर धुऱ्यावरून ट्रॅक्टर उलटलेला असतो, कोणी कठडा नसलेल्या विहिरीत गेलेला असतो. वर्धा-यवतमाळच्या खेड्यांतून मणक्याचा मार घेऊन आलेल्यांना विचारलं तर अशी पडझडच जास्त ऐकू येते. ऑपरेशन होतं, टाके निघतात, सुट्टी मिळते आणि माणूस घरी येऊन बाजेवर पडतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी तिथं पोचते, तेव्हा त्याची माय दारातच विचारते, "मॅडम, माहा पोरगा चालन का हो?"

या प्रश्नाला पहिल्याच दिवशी छातीठोक 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण 'देवाच्या हाती आहे' एवढं म्हणून सुटताही येत नाही. नीट तपासलं तर बराचसा अंदाज बांधता येतो, आणि त्यापुढचं पुष्कळ काही पहिल्या तीन महिन्यांत घरच्यांच्याच हातात असतं. चालण्याची आशा असलेली माणसंसुद्धा ती संधी बाजेवर घालवून बसतात, हे मी फार पाहते. घोटा आखडतो, माकडहाडावर जखम होते, लघवीत जंतू होऊन ताप येत राहतो. मग पाय जागा व्हायला लागतो तेव्हा उभं राहायला बाकीचं अंगच तयार नसतं.

आत काय बिघडतं

मणके म्हणजे हाडं. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली येतो तो मज्जारज्जू. करंगळीएवढा जाड आणि साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे हातभर लांब. तो कमरेच्या टोकापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून पुढं नुसत्या नसांचा झुबका खाली उतरतो. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू दुखावलाच असं नसतं. मणका मोडूनही चालत दवाखान्यात आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

उंचावरून माणूस टाचांवर किंवा ढुंगणावर आपटतो तेव्हा तो धक्का पाठीतून वर चढतो. छातीचे मणके फासळ्यांना जखडलेले असल्यामुळे ताठ असतात, कमरेचे मोकळे वाकतात. या दोहोंच्या सांध्यावर, डॉक्टर ज्याला 'डी १२ – एल १' (छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका) म्हणतात तिथं, सगळा जोर येतो. म्हणून झाडावरून पडलेल्यांमध्ये हात शाबूत आणि पाय गेलेले असं चित्र जास्त दिसतं. अशा पेशंटच्या टाचेचं हाडही एक्स-रेमध्ये पाहून घ्यावं. तेही मोडलेलं असू शकतं, आणि पायाला संवेदनाच नसल्यामुळे तो सांगू शकत नाही. डोक्यावर पडलेला किंवा डोक्यावर पोतं असताना मान मुरगळलेला असेल, तर मार मानेत असू शकतो आणि चारही हातपाय जाऊ शकतात.

पडलेल्या माणसाला चौघांनी हातापायांना धरून झोळीसारखं उचलायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. त्यात उरलेसुरले धागेही दुखावू शकतात. डोकं, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी मिळून त्याला एकदम कुशीवर वळवावं, खाली फळी किंवा दाराची झडप सरकवावी आणि १०८ ची वाट बघावी.

मग ऑपरेशन. "रॉड टाकले ना मॅडम, मंग पाय काऊन नाही हालत?" हे नेहमीचं. रॉड आणि स्क्रू हाडाला आधार देतात, आणि ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूवरचा दाब काढतात. तुटलेला मज्जारज्जू कोणालाही शिवता येत नाही. हातापायातली तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर अशी वाढते, मज्जारज्जूचे धागे तसे वाढत नाहीत. तरीही माणसं सुधारतात. सूज उतरते, दबलेले धागे जागे होतात, आणि वाचलेले थोडे धागे सरावाने जास्त काम अंगावर घ्यायला लागतात. या शेवटच्या गोष्टीवरच सगळी चालण्याची थेरपी उभी आहे.

किती धागे वाचले हे कळायला शेतातला मोटरपंप आठवा. लाइन पूर्ण गेली की दिवाही लागत नाही. सिंगल फेज असली की झोपडीतला दिवा लागतो, मोटर मात्र फिरत नाही. कधी तिन्ही फेज असतात, पण व्होल्टेज इतकं कमी की मोटर नुसती घुरघुरते. मज्जारज्जूच्या माराचेही असेच प्रकार आहेत. 'एशिया' (इंग्रजीत ASIA) नावाच्या मोजमापात त्यांना ए ते ई अशी अक्षरं आहेत. 'ए' म्हणजे खाली काहीच पोचत नाही, हा 'पूर्ण' मार; थोडंही पोचत असेल तर तो 'अपूर्ण'. 'बी' म्हणजे स्पर्श कळतो, हालचाल नाही. 'सी' म्हणजे हालचाल आहे, पण बहुतेक स्नायू पाय उचलण्याइतकेही सशक्त नाहीत. 'डी' म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त स्नायू वजनाविरुद्ध उचलू शकतात. 'ई' म्हणजे सगळं पूर्ववत.

अंदाज कसा बांधतात

मार लागल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू सुन्न पडतो. पाय लोळागोळा होतात, हातोडी मारली तरी गुडघा उडत नाही. या काळातली पहिल्या तासाची तपासणी फसवी असते, म्हणून साधारण ७२ तासांनंतरच्या तपासणीला जास्त वजन आहे.

तपासणीला मशीन लागत नाही. टाचणी आणि कापूस घेऊन अंगाच्या प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी विचारायचं, टोचतं का, शिवलेलं कळतं का. मग प्रत्येक बाजूच्या दहा स्नायूंना शून्य ते पाच गुण द्यायचे. आणि शेवटी, जे सांगताना घरचे मान खाली घालतात ते, गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का आणि तिथं आवळता येतं का हे पाहायचं. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाच्या नसा तिथं जातात. तिथपर्यंत काही पोचत असेल, तर मधला रस्ता पूर्ण बंद नाही असा त्याचा अर्थ. ही तपासणी डॉक्टरांनी केली तर लाजू नका, आणि केली नसेल तर आपण होऊन विचारा. डिस्चार्ज कार्डावर 'एशिया' आणि पुढचं अक्षर लिहून मागा. फिजिओला एमआरआयच्या फिल्मइतकंच ते अक्षर उपयोगी पडतं.

२०११ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक साधा नियम मांडला. वर्षभराने माणूस स्वतःच्या बळावर चालेल का, हे पहिल्या पंधरा दिवसांतल्या पाच गोष्टींवरून बरंचसं सांगता येतं. वय ६५ च्या आत आहे का, मांडीच्या पुढच्या स्नायूत किती ताकद आहे, पोटरीत किती आहे, गुडघ्याच्या आतल्या बाजूला हलका स्पर्श कळतो का आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूला कळतो का. सर्वसाधारणपणे 'डी' वाले बहुतेक चालतात, 'सी' मधले बरेच चालतात. 'बी' मध्ये टाचणीची टोच कळत असेल तर आशा जास्त, नुसता स्पर्श कळत असेल तर कमी. 'ए' मधून पुन्हा चालणारे फार थोडे. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, मग हळू होत दीड-दोन वर्षांपर्यंत चालते.

एक गोष्ट घरच्यांना फार फसवते. सुन्नपणा उतरला की पाय आपोआप उडायला, ताठ व्हायला लागतात. "पाय हालला जी!" म्हणून सगळं घर गोळा होतं. मी तेव्हा पाटावर बसते आणि पेशंटला म्हणते, "भाऊ, अंगठा वर करा. आता थांबा. आता परत करा." सांगितल्यावर हलला आणि सांगितल्यावर थांबला तरच ती हालचाल त्याची. नाहीतर ती नुसती उबळ. उबळ अगदीच वाईट नसते, काहींना उभं राहायला तिचा आधारही होतो. फार त्रास देत असेल तर बॅक्लोफेनसारख्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या आणि मनानं एकदम बंद करायच्या नाहीत.

आणखी एक. पाय गेला म्हणजे मारच लागला असेल असं नाही. हळूहळू पाठ दुखत, संध्याकाळी ताप येत, वजन उतरत पाय गेले असतील तर मणक्याचा टीबी असू शकतो. औषध वेळेत सुरू झालं तर यातले पुष्कळ पेशंट पुन्हा चालतात. 'लकवा' म्हणून मांत्रिकाकडे किंवा तेलवाल्याकडे घालवलेले महिने इथं फार महाग पडतात.

बाजेवरचे तीन महिने

आपली नवारीची बाज मधोमध खोल जाते. निरोगी माणसाला त्यात छान झोप लागते, पण लुळ्या पायांच्या माणसाच्या मांड्या त्या खोलीत सतत वाकलेल्या राहतात आणि खुब्याचे स्नायू आखडतात. पुढं उभं राहताना खुबा सरळ, किंबहुना जरा मागे जावाच लागतो. तो गेला नाही तर माणूस कमरेत वाकलेलाच राहतो आणि सगळा भार हातांवर येतो. म्हणून बाजेवर फळी, फळीवर जाड गादी. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास पालथं झोपवायचं.

घोट्याचं तसंच. थंडीत पायावर जड वाकळ टाकली की तिच्या वजनानं पंजा खाली पडतो आणि टाचेमागची शीर आखडते. टाच जमिनीला टेकली नाही तर चालणं तिथंच संपलं. पंजा नडगीशी काटकोनात राहील असा स्प्लिंट, नाहीतर बाजेच्या पायथ्याशी उभी फळी, आणि दिवसातून दोन वेळा सगळे सांधे हळूहळू पूर्ण फिरवणं, एवढं घरच्यांना एका दिवसात शिकवता येतं.

हळूहळू, हे मुद्दाम लिहिलं. न वापरलेल्या पायाची हाडं काही महिन्यांत ठिसूळ होतात. 'आखडलेलं मोकळं करतो' म्हणून कोणी जोरात ओढलं की मांडीचं हाड मोडू शकतं, आणि दुखत नसल्यामुळे ते सूज आल्यावरच कळतं. एकच पोटरी सुजली, गरम लागली तर ती अजिबात चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शेक देणं तर आपल्या हाडीमाशी भिनलेलं. गरम वीट, रबरी पिशवी, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी. ज्या कातडीला चटका कळत नाही तिच्यावर यातलं काहीही वापरू नये. ज्या जखमा घेऊन लोक माझ्याकडे येतात त्यांतल्या कितीतरी मायेनं दिलेल्या शेकाच्या असतात.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुब्याच्या बाजू, टाचा रोज पाहायच्या. पाठीकडचं दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढायचा. लालसर डाग बोटानं दाबूनही पांढरा होत नसेल, तर तिथं आता अजिबात वजन पडू द्यायचं नाही. अशी जखम चिघळली की महिनोन्महिने बसणं बंद, उभं राहणं बंद, आणि सुधारण्याचा सगळ्यात चांगला काळ पालथं पडून निघून जातो.

लघवीची नळी कायमची लावून ठेवण्यापेक्षा दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करणं बहुतेकांसाठी चांगलं. ही पद्धत अमेरिकेत लॅपिडीस नावाच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये रूढ केली. त्याआधी मज्जारज्जूचे कितीतरी पेशंट मूत्रपिंड निकामी होऊन दगावत. हात चांगले असलेला माणूस हे स्वतः शिकतो. आमच्याकडे अडचण वेगळीच येते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेलेला असतो आणि पेशंट पाणी पीत नाही, कारण घरच्यांना पुन्हा पुन्हा त्रास कशाला द्यायचा. मग खडे होतात, जंतू होतात, आणि त्यानं पायाची उबळही वाढते. शिवाय मार मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखाली नीट घामच येत नाही. अशा माणसाला टिनाच्या खोलीत दुपारी ठेवणं धोक्याचं आहे. ओला दुपट्टा, कूलर, सावली काहीही करा.

मार छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, वर घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असतो. त्याला उठवून बसवा, कपडे सैल करा आणि आधी नळी तुंबली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा कारण तिथंच असतं. पाच-दहा मिनिटांत उतरलं नाही तर दवाखाना.

उभं राहणं आणि पाऊल

महिनाभर आडवा असलेला माणूस एकदम बसवला की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पाठ थोडी उंच, मग पाय खाली सोडून बसणं, मग आधारानं उभं राहणं. पोटाला पट्टा आणि पायांना क्रेप बँडेज बांधलं की चक्कर कमी येते. दवाखान्यात यासाठी कलणारं टेबल असतं. गावात गुडघे सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या बांधून भिंतीला पाठ लावून उभं करता येतं, पण त्या वेळी दोन माणसं जवळ हवीत.

आता चालणं. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवलं, की मांजरीचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला तरी तिच्या मागच्या पायांच्या स्नायूंत पावलांची लय उमटू शकते. म्हणजे एक पाय पुढं, एक मागं ही आदलाबदल करणारी जुळणी खाली मज्जारज्जूतच आहे. माणसात ती एवढी स्वतंत्र नसते, तिला मेंदूचा हुकूम लागतोच. पण थोडे धागे शाबूत असतील तर तिला जागं करता येतं, आणि ती जागी होते ती तळव्यावर पडलेल्या वजनानं आणि खुबा मागे गेल्याच्या जाणिवेनं. म्हणून बाजेवर पडून पायाचे व्यायाम कितीही केले तरी चालणं येत नाही. पायावर वजन घेऊन, पाऊल टाकून, पुन्हा पुन्हा तेच करावं लागतं. पेशंट पुढचा पाय ओढून आणायच्या घाईत असतो. मी सारखी सांगत असते, "आधी मागचा पाय मागे राहू द्या, तो आपोआप सुटतो."

यासाठी अंगणात दोन समांतर दांड्या हव्यात. स्टीलच्या असतात त्या दवाखान्यात. गावात बांबू चालतो, आणि चांगला चालतो. दोन सरळ बांबू, दहा-बारा फूट लांब, पेरांवरचे खवले कोयत्यानं तासून गुळगुळीत केलेले, नाहीतर तळहाताला कुसळं जातात. उंची अशी की उभं राहून हात सोडले की दांडी मनगटाशी यावी आणि धरल्यावर कोपर किंचित वाकावा. दोन दांड्यांमध्ये अंतर एवढंच की कमरेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागा राहील. फार रुंद ठेवल्या तर खांदे दुखतात. खुंट दीड-दोन हात खोल पुरायचे. इथं काळी माती दगा देते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि आज पक्का वाटणारा खुंट एप्रिलमध्ये हलायला लागतो. म्हणून खड्ड्यात खुंटाभोवती मुरूम आणि गिट्टी ठासून भरायची. जोडाला सुतळीऐवजी सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली तर ती सैल पडत नाही. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर आरसा. पेशंट पायांकडे पाहत चालला की पुढं वाकतो. आरसा असला की मान वर राहते.

त्याची बायको किंवा भाऊ मागे उभा राहतो. काखेत हात घालून ओढायचं नाही. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधायची आणि ती धरायची. पहिले काही दिवस नुसतं वजन डावीकडे, उजवीकडे. मग एक हात सोडून. मग खुर्चीतून उठणं आणि, जे लोक विसरतात, सावकाश खाली बसणं. पाऊल त्यानंतर. वळणं सगळ्यात अवघड, पडतात ते वळतानाच. रोज पाऊण-एक तास, आठवड्यातले पाच-सहा दिवस. मी आठवड्यातून एखाद-दोन वेळा येऊन काय बदलायचं ते सांगते, काम मात्र घरचेच करतात. कापूस वेचणीच्या दिवसांत ते अडतं. त्याला माझ्याकडे उपाय नाही. मजुरी बुडवून व्यायाम करा असं सांगायला मला जीभ रेटत नाही. सकाळी उन्हाआधीचा अर्धा तास तेवढा धरून ठेवा म्हणते.

साधनं ज्याला त्याला वेगळी लागतात. मांडीत ताकद आहे पण पंजा पडतो, त्याला बुटात बसणारा प्लास्टिकचा घोट्याचा स्प्लिंट पुरतो. गुडघाच धरत नाही, त्याला मांडीपर्यंतचं कॅलिपर. दांड्यांतून वॉकर, वॉकरवरून कोपराच्या काठ्या असा पुढचा क्रम. पायात चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. स्लिपर सुटून गेलेली या पेशंटला कळतही नाही.

मोठ्या मशीनचं काय

अंगाला पट्टे लावून वर टांगायचं आणि खाली फिरत्या पट्ट्यावर चालवायचं, अशी ट्रेडमिल मोठ्या केंद्रांत असते. पाय चालवून देणारे रोबोही आले आहेत. व्हिडिओ बघून लोक विचारतात, जमीन विकून मुंबई-दिल्लीला न्यायचं का. अमेरिका आणि कॅनडात १४६ पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकताच अपूर्ण मार लागलेल्या लोकांत अर्ध्यांना टांगून ट्रेडमिलवर चालवलं, अर्ध्यांना तेवढाच वेळ जमिनीवर. दोन्ही गट जवळपास सारखेच चालायला लागले. सराव किती आणि कसा झाला याला महत्त्व होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मशीन जवळ असेल तर वापरा, तिच्यासाठी जमीन विकू नका.

मणक्यात इलेक्ट्रोड बसवून मज्जारज्जूला विजेचे हलके झटके देण्याचं काम खरंच आशेचं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन आणि स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं असे पेशंट आधारानं पावलं टाकू लागल्याचं दाखवलं. पण त्यातल्या प्रत्येकानं त्यासोबत महिनोन्महिने कसून सराव केला होता. आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळेल अशी ही गोष्ट अजून नाही.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबद्दल मात्र मी जोरात बोलते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या रोगांपुरताच आहे. मणक्यासाठी तो फक्त मंजूर संशोधनात देता येतो, आणि संशोधनात पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांत पॅकेज सांगणाऱ्याकडे पाठ फिरवा.

किती चाललं म्हणजे चालला

सगळ्यांचं चालणं सारखं नसतं. कोणी दांड्यांत रोज अर्धा तास चालतो, तोच त्याचा व्यायाम. त्यानं हाडं, रक्ताभिसरण आणि पोट चांगलं राहतं. कोणी घरात, अंगणात, न्हाणीपर्यंत जातो. कोणी एसटी स्टँडपर्यंत जाऊन लालपरीत चढतो. छातीच्या मणक्यात पूर्ण मार असलेला तरुण दोन्ही कॅलिपर आणि काठ्या घेऊन झोके घेत चालू शकतो, पण त्याला आपल्यापेक्षा कित्येक पट दम लागतो आणि खांदे झिजतात. असे बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांत कामासाठी चाकाची खुर्ची किंवा हातानं चालवायची तीनचाकी वापरायला लागतात. घरच्यांना ती हार वाटते. मला वाटत नाही. खुर्चीवर बसून किराणा दुकान चालवणारा माणूस दांड्यांत दिवसभर घाम गाळणाऱ्यापेक्षा जास्त हिंडतो. वरोऱ्याच्या बाबा आमट्यांचं मणक्याचं दुखणं वेगळं होतं, पण त्यांना बसता येत नसे आणि तरी १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरला भारत जोडो घेऊन गाडीत आडवे होऊन गेले, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

खुर्ची घेतली तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचं, खाली चांगली उशी ठेवायची, आणि उंबरठ्यावर सिमेंटचा उतार करून घ्यायचा. संसाराबद्दल, मूल होईल का याबद्दल नवराबायको दोघंही विचारायला लाजतात. त्यावरही उपाय आहेत, डॉक्टरांना एकांतात विचारा.

कागदपत्रं

यात मी थोडक्यात आटोपते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड जिल्हा रुग्णालयातून निघतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर योजनांची दारं उघडतात. सुधारणा चालू असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, ते नाकारू नका. कॅलिपर, खुर्ची, तीनचाकीसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे, त्याची शिबिरं लागतात. शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा अपघात असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळू शकतात. कृषी सहायकाला (आता पदनाम 'सहायक कृषी अधिकारी') लगेच भेटा, उशीर झाला की अर्ज अडतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील गाठायचं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारा, उंबरठ्यावरचा उतार त्यातून होऊ शकतो. पुनर्वसनाच्या तपासणीसाठी नागपूरला मेडिकल आणि एम्स आहेत, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी मेघे. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा. ओपीडीच्या गर्दीत व्हिडिओ पटकन पाहून होतो.

दोन वर्षांनंतर

सुधारणा थांबली की तपासण्याही थांबतात. तिथं एक धोका राहतो. काही जणांच्या मज्जारज्जूत, माराच्या जागी, पाण्याची पोकळी तयार होते आणि ती काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी हळूहळू वर सरकते. जो काठीनं चालत होता त्याचे पाय परत लुळे पडायला लागतात, किंवा चांगल्या हाताला मुंग्या येतात, गरम-थंड कळेनासं होतं, खोकलं की पाठीत कळ येते. याला 'जुनंच दुखणं' म्हणून गोळ्या खात बसू नये. पुन्हा एमआरआय करून मणक्याच्या सर्जनला दाखवायचं, कारण यातल्या काहींना ऑपरेशननं ते वाढणं थांबवता येतं. मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्त वर्षातून एकदा, पाय सुधारले असले तरी.